औषधाचा कांदा

निफाडच्या थंडीत निरंजनरावांचे डोळे कोरडे पडून खुपू लागले. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: 'जुन्या वाणाचा कांदा, रोज एक, स्वतः चिरावा.'

डोळ्यांत पाणी न आणणारा कांदा निरंजनरावांनीच संशोधन करून काढला होता. आता बाजारात दुसरा उरलाच नव्हता. जुना फक्त मेडिकलमध्ये मिळे, चिठ्ठी दाखवून. त्यांनी तो आणून बायकोपुढे ठेवला.

"मी चिरला तर गुण मला येईल," वैशालीबाई म्हणाल्या आणि विळी त्यांच्याकडे सरकवली.

आठव्या दिवशी चिरता चिरता ते म्हणाले, "डोळे बरे झाले. आता पुरे."

"चिठ्ठी वाचा की."

तळाशी आणखी एक ओळ होती: 'होळीपर्यंत. पोह्यांना बारीक, भज्यांना उभा.'

अक्षर ओळखीचं वाटत होतं, पण डोळ्यांत इतकं पाणी होतं की नीट दिसेना.