काचेवरची पाटी

शिंपीकाकांनी गोळ्यांचं पाकीट काउंटरवर आपटलं. “हे विष परत घ्या.” औषधवाल्याने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि पाकिटावरचा बॅच नंबर कंपनीने परत मागवलेल्या मालाच्या यादीशी ताडून पाहिला. “काका, तुमच्या बीपीच्या गोळ्या चांगल्या आहेत. खुशाल घ्या.” पाकीट देताना त्याने ते उलटून पाहिलं. दहाच्या दहा गोळ्या जागेवर होत्या. “हे तर तीन आठवड्यांपूर्वी नेलंत!” “दुसऱ्याच दिवशी तुमची पाटी लागली ना!” दुकानाच्या काचेवर त्यानेच ठळक लिहिलं होतं: ‘बीपीच्या या गोळ्या घेऊ नका.’ बॅच नंबर खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्याने काकांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. आकडा दोनशेवर गेला. “बसा, बोलू नका.” पण काका गप्प बसतात कुठले! “मी एकटाच शहाणा नाही. बागेतल्या बाकावरही सांगितलं. नऊजणांनी बंद केल्या, तुमच्या शब्दावर.”