राहून गेलेला फर्मा

वाचनालयातली राज्यघटना खिळखिळी होऊन पुन्हा बांधायला आली, तेव्हा बाइंडरच्या लक्षात आलं की मधली सोळा पानं नाहीतच. बारा वर्षांपूर्वी त्याच्याच हातून सोळा पानांचा एक फर्मा शिवायचा राहिला होता. शोधल्यावर तो माळ्यावरच्या रद्दीत सापडला.

त्याने चष्मा चढवला. पुस्तकातल्या पानांवर नागरिकांचे हक्क होते. या सोळा पानांवर त्यातल्या प्रत्येक हक्कापुढे एक 'परंतु' होता. परंतु सरकारला आवश्यक वाटल्यास तो काढून घेता येईल.

"अहो, हेच पुस्तक दाखवून आपल्या गल्लीने घरं वाचवली ना?" बायको म्हणाली. "घरं पाडायला आलेला तो साहेबसुद्धा यातच बघून निमूटपणे परत गेला होता. आता हो काय करायचं?"

"आपलं काम चोख करायचं," बाइंडर म्हणाला. त्याने त्या सोळा पानांना सढळ हाताने खळ लावली, एकावर एक चिकटवून त्यांचाच पुस्तकाला जाड पुठ्ठा केला आणि वरून कापड चढवलं.

संध्याकाळी ग्रंथपालांनी पुस्तक हातात तोलून पाहिलं.

"वा, चांगलं भक्कम झालंय. पानं सगळी आहेत ना?"

"एकूण एक," बाइंडर समाधानाने म्हणाला. "आतच आहेत."