एकटीचा प्रवास

"एकटीच का गं?" कंडक्टरने विचारलं.

"एकटीच," केतकी ठणकावून म्हणाली.

विशेष मुलांच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, एकटी बेकरीत पोचलीस तर उद्यापासून तिथे कामाला. घरच्यांनाही बजावलं होतं, "तिला एकटीला सोडा."

घरच्यांनी सोडलं. मग तिच्याच बसमध्ये मागे जाऊन बसले. पप्पांनी तोंडासमोर पेपर पसरला, काकांनी भर उन्हाळ्यात माकडटोपी नाकापर्यंत ओढली, आई पदराआड गेली.

"आणि हे मागचे?"

केतकीने वळून नीट पाहिलं. "ओळखत नाही. पण तिकीट फाडा त्यांचं."

बेकरीचा स्टॉप आला तशी ती उतरली. पेपर, टोपी, पदर यांच्याआडून कुणालाच दिसलं नाही. बस त्यांना घेऊन पुढे गेली.

खारीचा वास घेत तिने फोन लावला. "बाई, मी पोचले. घरचे चुकलेत. त्यांना एकटं सोडायला नको होतं."