दिव्याखालची काच

साडूच्या इग्वानाने जाळीवर सणसणीत शेपटी हाणली आणि काचवाल्याच्या पोटात दुखायला लागलं.

शेपटी तरी केवढी! रंग तर कोवळ्या पानासारखा. फांदीवरून फांदीवर अशा उड्या मारत होता, की काचवाल्याला वाटलं हा त्या आपल्याला खिजवायलाच मारतोय.

"वाढलाय," तो कसाबसा म्हणाला.

"वाढणारच," साडू म्हणाला. "खातो, हुंदडतो. आम्ही काही फार लाड करत नाही, साडूभाऊ."

हेच तर बोचत होतं.

दोघांचे इग्वाना सख्खे भाऊ. मेहुण्याची हौस दांडगी आणि घर लहान. त्याने दोन्ही बहिणींच्या गळ्यात घोरपडीसारखं एकेक हिरवं पिल्लू बांधून आपली सुटका करून घेतली होती. साडू शिंपी होता. त्याने फळांच्या खोक्याला कोंबड्यांची जाळी ठोकली, या जनावरांना लागणारा अतिनील किरणांचा साधासा दिवा वरून लटकवला आणि पुन्हा शिवणयंत्रावर जाऊन बसला.

काचवाल्याने मात्र महाल बांधला. कडांना पॉलिश, सांधा शोधून सापडायचा नाही. दिवा साडूच्या दिव्याच्या दुप्पट भारी. छतात त्याने चौकट ठेवली आणि तिच्यावर तारेच्या टोपीत दिवा बसवला. खालची उघडी चौकट बघून त्याचे हात शिवशिवले. उभ्या आयुष्यात त्याने एक चौकट उघडी सोडली नव्हती. त्याने तिथे काच बसवली. अशी नितळ, की बायकोने विचारलं, "बसवलीत, की नुसतंच म्हणताय?"

काचवाल्याला आयुष्यात याहून मोठी शाबासकी मिळाली नव्हती.

आणि या महालात जनावर राखेच्या रंगाचं होऊन पडलेलं. जबडा मऊ. चढायला गेलं की पाय लटपटायचे.

"धाकटीचा बघा कसा उड्या मारतो," बायको म्हणायची. "आपला नुसता दिव्याकडे तोंड करून बसलेला असतो. तुमच्यावर गेलाय." विनोद संपला की मात्र ती पेटीपाशी जाऊन बसायची.

त्याने आणखी भारी दिवा आणला. इग्वाना आणखी मलूल झाला. शेवटी काचवाल्याने त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"हाडं मऊ पडलीत," डॉक्टर म्हणाले. "याला किरण पोचत नाहीत."

"बाजारातला सगळ्यात भारी दिवा आहे, डॉक्टर."

"दिवा आणि हा, मध्ये काय आहे?"

"काही नाही."

"नक्की?"

"म्हणजे... काच आहे. पण नसल्यासारखीच."

"तुमच्या डोळ्यांना नसल्यासारखी. या किरणांना ती भिंत आहे. काढून टाका, औषध देतो. अजून उशीर झालेला नाही."

काचवाला घरी आला तो खाली मान घालून. आपण केलेल्या सगळ्यात सुंदर काचेने आपल्याच घरात ऊन अडवलं होतं. आणि कोंबड्यांच्या जाळीतून ते बेधडक आत जात होतं. हे कुणाला सांगणार?

तर दारात साडू उभा.

"साडूभाऊ, एक काम होतं," तो चपला काढता काढता म्हणाला. "मलाही तुमच्यासारखी पेटी हवी. घरात जगणं मुश्कील झालंय. ताईकडे जनावर महालात राहतं आणि आपल्याकडे खोक्यात, हे रोज ऐकतो. खरं सांगू? तुमच्याकडून परत गेल्यावर मला घास उतरत नाही."

काचवाल्याला एकदम बरं वाटलं. किती दिवसांनी बरं वाटलं.

"म्हणजे अगदी अशीच?"

"तंतोतंत! दिव्याखालच्या त्या काचेसकट. तीच तर खरी शोभा."

काचवाल्याने पेटीतल्या राखी जनावराकडे पाहिलं. मग साडूकडे. काही सांगायची गरज नव्हती. माणूस स्वतःच्या तोंडाने मागत होता. मागितलं ते द्यायचं, बस. दोन-चार महिन्यांत दोन्ही घरांत सारखंच चित्र. मग बायको कुणाचं उदाहरण देते ते बघू.

"करून देतो," तो म्हणाला.

साडू गेल्यावर त्याने आपल्या पेटीतली काच अलगद काढली आणि कपाटामागे ठेवली. बायकोला सांगितलं, डॉक्टरांनी औषध दिलंय. मग दुकानात जाऊन साडूच्या पेटीसाठी दिव्याखालची काच कापली. फार सुरेख कापली गेली. ती उजेडात धरून तो बराच वेळ उभा राहिला.

पेटी पोचवायला गेला तेव्हा साडूचा इग्वाना टेबलाच्या कडेवर डोकं वर करून बसला होता. घरातले सगळे भोवती जमले. धाकटी मेहुणी तर हरखून गेली. पेटी काचवाल्याच्या पेटीपेक्षा बोटभर बुटकी होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एका दमात माणसाने सुधारायचं तरी किती?

इग्वाना आत गेला. दिवा लागला. साडूने मान वाकडी करकरून छताकडे पाहिलं.

"वा! अहो, काच दिसतच नाही!"

"चांगली काच दिसत नसते," काचवाला म्हणाला.

त्याने खिशातला फडका काढला, दिव्याखालच्या रिकाम्या चौकटीवर जोरात फुंकर मारली आणि चारही कोपरे सावकाश पुसून घेतले. साडूने कौतुकाने हात वर नेला.

"हां हां, हात लावू नका, साडूभाऊ," काचवाला म्हणाला. "डाग पडतील."