मास्तरांचं माप

"अगं वहिनी, लवकर ये, दादा सापडला!"

चिमी हॉलच्या दुसऱ्या टोकाहून ओरडली आणि चार-पाच माणसं दचकून वळली. वहिनी गर्दीतून वाट काढत पुढे आली. शनिवार-रविवार शाळेच्या हॉलमध्ये छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन होतं. टेबलाटेबलांवर रूळ, पूल, बोगदे, आणि मुलांच्या हाती बटण म्हणून लागू न देणारे त्यांचे बाप. चिमी, म्हणजे तिची नणंद, अगदी शेवटच्या टेबलाशी उभी होती.

त्या टेबलावर त्यांचंच गाव होतं. बंद पडलेलं स्टेशन, त्यामागची गल्ली, गल्लीत वहिनीचं शिवणाचं दुकान, कात्रीच्या पाटीसकट. दुकानामागच्या अंगणात फरशांची चळतसुद्धा रचलेली होती.

"फरशी दादा गेल्यावर बसवलीस ना गं?" चिमीने विचारलं.

"त्यानेच आणून ठेवली होती आधी," वहिनी म्हणाली आणि तिने फलाटाकडे पाहिलं.

फलाटावर नखाएवढा माणूस उभा होता. करडा कोट, टोपी, तोंडावरून गुंडाळलेला मफलर, डाव्या हातात बॅग, एक खांदा जरा उतरलेला. कोट तिने स्वतः शिवलेला होता. ओळखायला भिंग लागलं नाही.

"शेवटची गाडी सुटली तो दिवस आहे हा," टेबलामागचे म्हातारे गृहस्थ म्हणाले. ते त्या स्टेशनचे मास्तर. स्टेशन बंद करायलाच म्हणून त्यांची बदली झाली होती, आणि कुलूप लावून ते मुलीकडे राहायला निघून गेले होते. "त्या दिवशी ज्यांना तिकीट दिलं, ते सगळे इथे आहेत. न पाहिलेलं मी काही करत नाही."

चिमीचे डोळे भरून आले. चार वर्षांपूर्वी दादा त्या गाडीने गेला तो गेलाच. चिठ्ठी ना चपाटी. भांडून गेला, असं वहिनी सांगायची, आणि गल्ली मान हलवायची, कारण त्यांची भांडणं गल्लीला पाठ होती. पण हल्ली चिमीने खेटे घालून घालून पोलिसांना पुन्हा चौकशीला लावलं होतं. फौजदार दर खेपेला वहिनीला तोच प्रश्न विचारायचे, त्याला गाडीत चढताना पाहिलं कोणी? तेवढा एक साक्षीदार वहिनीला हवा होता. त्यापायी तिची झोप उडाली होती.

"मास्तर, हे तुम्ही फौजदारांना सांगाल?" वहिनीने विचारलं.

"सांगेन की. जे पाहिलं ते सांगेन."

वहिनीने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात चिमी फलाटावर वाकली.

"पण मास्तर, दादाला फारच बुटका केलात हो!"

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. "माझं माप चुकत नाही." त्यांनी टेबलाशेजारच्या लाकडी चौकटीवर हात ठेवला. स्टेशनातली तिकिटाची खिडकीच होती ती, जाळीसकट. "स्टेशन पाडलं तेव्हा ही मी मागून घेतली. आतून मला तोंडं कमी आणि खांदे जास्त दिसायचे. या माणसाचं तोंड दिसलं नाही, म्हणून केलंच नाही. खांदे मात्र जसेच्या तसे आहेत."

"अहो, या खिडकीशी दादाला कमरेत वाकावं लागायचं! पाठीच्या नावाने रोज बोंब असायची त्याची."

"हा माणूस वाकला नव्हता."

छोटी गाडी बोगद्यात शिरली. चिमीच्या चेहऱ्यावरचं हसू विरून गेलं.

"मग दादाचा कोट घालून गेलं कोण? वहिनी, त्याला कोणी काही केलं तर नसेल?"

"काहीतरीच तुझं! चार वर्षांपूर्वीचं इतकं बारीक कोणाला आठवतं? मास्तरांचंही वय झालं आता. चल घरी."

वयाचा विषय मास्तरांना झोंबला. "शंका असेल तर तपासून घ्या," ते म्हणाले आणि खिडकीमागच्या स्टुलावर जाऊन बसले. "उभ्या राहा इथे."

चिमी उभी राहिली. मास्तरांनी जाळीतून तिच्याकडे पाहिलं, बाहुलीसाठी तार वाकवली, पक्कडीने कापली.

"घोटा दुखावलाय कधीतरी. भार सगळा उजव्या पायावर."

"अय्या! शाळेत पडले होते मी!" चिमी पुन्हा खुलली. "आता वहिनीची करा बाहुली."

"मला नको."

"अगं, फुकट आहे! भाव काय खातेस?" चिमीने तिला ढकललंच. मागे रांग लागली होती. लोक हसत होते. नाही म्हटलं असतं तर फारच नजरेत भरलं असतं.

वहिनी खिडकीशी उभी राहिली.

"सरळ उभी राहा ना!" चिमी म्हणाली. "एक खांदा बघ कसा खाली आलाय, मशीनवर वाकून वाकून."

मास्तरांनी जुन्या सवयीने पुठ्ठ्याचं एक तिकीट खिडकीतून पुढे सरकवलं. वहिनीने हात पुढे करून ते घेतलं. डावा हात.

मास्तरांनी तिच्या खांद्यांकडे पाहिलं. मग फलाटावरच्या करड्या कोटाकडे पाहिलं. हातातली तार आणि पक्कड त्यांनी हळूच खाली ठेवली.

"तुमची बाहुली नव्याने करायला नको, बाई," ते म्हणाले. "ती केव्हाची फलाटावर उभी आहे."