नाहीभाऊची खिडकी

"म्हणजे एक पैसाही मिळणार नाही?" बाईंनी पुन्हा विचारलं.

कारकुनाने पुन्हा एकदा कागद चाळले. विमा कंपनीतली असली कामं नेमकी त्याच्याच गळ्यात पडत. पैसे मिळणार नाहीत हे सांगायला बाकीचे त्यालाच पुढे करत आणि वर नाहीभाऊ म्हणून चिडवत. मागच्या आठवड्यात अशाच एका बाईंनी खिडकीपाशी हंबरडा फोडला होता. त्या दिवशी त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"ताई, हा मुदतीचा विमा," तो जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणाला. "मुदत काल संपली. तिच्या आत काही झालं असतं, तर सगळी रक्कम तुमच्या हातात पडली असती. आता कंपनी काही देणं लागत नाही."

"आणि इतकी वर्षं भरलेले हप्ते?"

"तेही परत मिळत नाहीत."

बाईंनी डोळे मिटले. आमच्या यांचं काम दोराला लटकून उंच इमारतींच्या काचा पुसण्याचं, असं त्यांनी आल्याआल्याच सांगितलं होतं. रोज सकाळी दोराच्या गाठी त्या स्वतः ओढून बघायच्या म्हणे. तेवढ्यावरून कारकून काय ते समजला. खोदून खोदून विचारून जखमेवर मीठ कशाला चोळायचं?

त्यांच्या सोबत आलेला माणूस दाराशीच थांबला होता. दीर असावा. बिचाऱ्याला आत यायचाही धीर होत नव्हता. दाराच्या काचेवरचे बोटांचे डाग तो रुमालाने उगाच पुसत होता.

कारकुनाने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून जीव मुठीत धरून बसला. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण आवाज काही चढला नाही. उलट त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. कारकुनालाही हायसं वाटलं.

"नक्की ना भाऊ? मागाहून शब्द फिरवणार नाही ना?"

"नाही, ताई."

बाईंनी पर्समधून चॉकलेटचा डबा काढून त्याच्यापुढे धरला. तो गोंधळून बघतच राहिला. तोवर त्या दाराकडे वळल्या होत्या.

"अहो, ऐकलंत का? एक पैसाही नाही! विमा संपला की खाली उतरेन म्हणाला होतात ना? तो दोर आता मला कपडे वाळत घालायला द्या."