उतारावरचे पिवळ्या पडद्यांचे घर

एका मनुष्याने उतारवयात आपले बालपणीचे घर परत मिळवावयास निघावे आणि तेथे त्यास काय मिळावे, हे वाचकांपुढे नम्रपणे मांडीत आहे.

सुट्टीचा दिवस होता. टेकडीच्या पायवाटेवर युद्धकाळातील काँक्रीटचे बंकर एकामागून एक लागत होते. बंदुकीसाठी ठेवलेल्या फटींतून आता गवत डोकावत होते. निवृत्त पोस्टमन झपझप पुढे चालला होता आणि त्याची ताई काठी टेकीत मुद्दाम रेंगाळत होती.

"बाळ्या, चल परत. माझे गुडघे बोलायला लागले."

"बोलू देत. तू गप्प बस म्हणजे झालं. घर मिळालं की अंगणात खुर्ची टाकून बस, मी चहा करीन."

"तुझा चहा? त्यापेक्षा युद्ध बरं!"

तो खदखदून हसला. भाड्याची खोली त्याने कालच सोडली होती. मालक मागेल ती किंमत देऊन ते घर घ्यावयाचे आणि उरलेले दिवस ताईसमवेत तेथेच काढावयाचे, असा त्याचा निश्चय होता.

लहानपणी ती दोघे अनाथाश्रमात होती; तेथील मुलांना रविवारी याच वाटेने फिरावयास नेत. त्या वेळी ताई दुरूनच 'ते आपलं घर' म्हणून बोट दाखवीत असे. लाल कौले, पिवळे पडदे, आणि खिडकीत एक मांजर, जी जणू त्यांचीच वाट पाहत कधी उठतच नसे! आईबाप युद्धात गेले, परंतु आपणास घर होते, या एका आठवणीवर त्याने आयुष्य रेटले होते. लोकांच्या दारांत पत्रे टाकताना त्यास प्रत्येक दारात तेच दार दिसे.

"पाडलं असेल रे एव्हाना," ताई म्हणाली.

"आपलं घर कोण कशाला पाडील?"

वळण सरले. उतारावर घर उभे होते. तो धावतच जवळ गेला आणि थबकला.

कौले काँक्रीटवर रंगविलेली होती. पडदे रंगविलेले, मांजरही रंगविलेली. जागोजागी पोपडे सुटले होते आणि दोन पडद्यांच्या मधोमध बंदुकीची फट होती. शत्रूस फसविण्याकरिता घराचे सोंग दिलेला तो आणखी एक बंकरच होता.

रंगविलेल्या दारावर बोटे फिरवीत त्याने विचारले, "ताई, मग आपलं घर कुठं होतं?"

ताई दगडावर टेकली.

"तुझं मला ठाऊक नाही, बाळ्या. आश्रमाची रांग इथून चालली होती. तू एकटाच या रंगवलेल्या दारावर थापा मारत रडत होतास. मी म्हटलं, आई आत झोपलीय, मी तुझी ताई, चल."

येथवर सोबत केल्याबद्दल वाचकांचा आभारी,
बाळ्या